सातवा गळा

गुरुवार, २ मार्च १९७८. तासगाव
आलो बाई एकदाचे साताऱ्याहून! ह्यांची बदली इथल्या एस.टी. डेपोत झाली. दोन खोल्या, मागे द्राक्षांचा मांडव, देवाचा कोनाडा पूर्वेला, सगळं मनासारखं. आमची बनू पाच वर्षांची. आल्या आल्या मांडवाखाली पळाली. जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती रोजनिशीला घेतली. घरमालकीण अंबूबाई शेजारच्या खोलीत राहतात. कानाने अधू, जिभेने नाही. म्हणाल्या, मॅट्रिक सून आली, आता आमी तोंड सांभाळून बोलायचं व्हय!

रविवार, ५ मार्च
अंबूबाईंचे मालक कै. आप्पासो पलटणीत सिग्नलवर होते. त्यांचा टेपरेकॉर्डर बाईंनी मला दिला. मला मेलीला काय ऐकू येतंय, तू ऐक, म्हणाल्या. सोबत आप्पासोंनी स्वतः भरलेली तीन रिळं. आणि रिळांवर कोण? हरिबा बुवांचं भजनी मंडळ! माहेरी उंब्रजला परकर नेसत होते तेव्हापासून मी यांची वेडी. एकच नामगजर, पण बुवा दर गावी निराळा करीत. आधी ठरवलेलं काही नसे.

बुधवार, ८ मार्च
तिन्ही रिळं ताडून पाहिली. उंब्रज, ६८ : मृदंग पहिल्यापासून घोड्यावर. कोयनानगर, ६९ : बुवा मध्येच भैरवीत शिरतात, वाट चुकल्यासारखे भटकतात आणि समेवर असे येतात की डोळ्यांत पाणी. तासगाव, ७१ : वीस मिनिटं, पण लोक खोकतात फार. माझ्या मते कोयनानगरच. हे म्हणाले, तिन्हीत विठ्ठलच की, फरक तो काय!

झील धरणारे, म्हणजे बुवांची अर्धी ओळ मागून उचलणारे, सहा गळे मोजले. अंबूबाई म्हणाल्या, पाचच हुते गं, मीच भाकरी वाढलीय त्यास्नी. मग सहावा कोण? घोगरा आहे, माइकच्या अगदी जवळ.

शनिवार, ११ मार्च
आज कोयनानगरच्या रिळात बुवांनी ओळ अर्धी सोडली आणि कुणीच उचलली नाही. पूर्वी असं नव्हतं. देवाचं नाव अधांतरी ठेवू नये, ही आईची शिकवण. भाजी निवडता निवडता मीच झील दिली. मग बुवा पुढे निघाले. जणू माझ्यासाठीच थांबले होते.

रविवार, १२ मार्च
सात गळे. सातवा माझा. कोयनानगरला मी कधी गेलेच नाही. उंब्रजच्या रिळातही मी. तासगावच्याही. हे म्हणाले, बायकांचे आवाज सारखेच. सकाळपासून घसा बसलाय.

मंगळवार, १४ मार्च
आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, दोष दिसत नाही. अंबूबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्या मालकांचंबी असंच, जायच्या आदी दोन म्हैने मुके हुते, म्हणाल्या. सहावा गळा —

रिळं चुलीत घालणार होते. देवाचं नाव भरलंय त्यांत, हात धजेना. चांगली वस्तू मोडवेना. सगळं अंबूबाईंना परत दिलं. त्यांना ऐकूच येत नाही, त्यांना कसली भीती?

गुरुवार, १६ मार्च. दुपार
बनू अंबूबाईंकडे. माकडं शिरतात म्हणून त्यांची आतून कडी. आणि मृदंग — पोरीला करमावं म्हणून लावलं असणार. दार बडवलं. बाईंना ऐकू जात नाही. बनू हसते. तिला वाटतं मी खेळतेय.

विजेचा मेन स्विच ओढला. मृदंग चालूच.

ह्याच वहीचं पान फाडून दाराखालून सारलं, यंत्र बंद करा. पण बाईंना वाचता येत नाही. बनूला अजून ब-च येतो —

आतून माझा आवाज. रिळातून. बनू म्हणते, आई गातीय! टाळ्या वाजवते. आईच्या मागून म्हणायची सवय तिला मीच —

बुवा थांबले. ओळ अर्धी. कुणीच उचलत नाही. मीही नाही. बनू, बाळा, नको गं — तिने श्वास घे