मराठी बाजू

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही रागावणार नाही, या भरवशावर लिहिते आहे.

देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पात्यांची दोन राज्यं होती, तेव्हापासूनचं ते साप्ताहिक. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी, बातमी तीच. मराठी तुम्ही लिहायचात आणि छपाईचे खिळेही स्वतःच जुळवायचात. संस्थानं विलीन झाली, दरबारची मंडळी पांगली आणि मराठी बाजू आखडत गेली. शनिवारी तुम्ही ताजा अंक घेऊन पाटावर जेवायला बसायचात. आईला अक्षरओळख नाही, म्हणून ती पोळ्या लाटत असताना मी तिला मराठी बाजू मोठ्यानं वाचून दाखवायची, असा नेम. माझी शाळा हिंदी. तुमची ती लांबलचक दरबारी वाक्यं माझ्या तोंडात अडकायची, मग मी लबाडी करायची. डोळे उजवीकडच्या हिंदीवर, तोंडानं मराठी. एकदा तुम्ही घास हातात धरून थांबलात. "हे वाचन नव्हे. माझं वाक्य मला ओळखू येत नाही होय?" फार लागलं होतं मला.

माझ्या मॅट्रिकचा निकाल लागला त्या आठवड्यात मी डबा घेऊन छापखान्यात आले, तेव्हा मालक तुम्हाला म्हणत होते, "भिया, अब मराठी कौन पढ़ता है? आपकी लड़की भी नहीं पढ़ती होगी."

खिळ्यांवरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "पढ़ती है. हर शनिवार, ज़ोर से."

मी दारातच शरमले. या खेपेला सगळं मराठीच वाचायचं, असं ठरवूनच घरी आले. आणि शनिवारी मैत्रीण टेकडीवर जायला दारात ताटकळत उभी आहे, म्हणून मी पुन्हा उजवीच बाजू धरते, भराभरा. तुम्ही जेवण थांबवून ऐकता आहात.

"संपलं?"

"संपलं."

तुम्ही ताट बाजूला सारता. हात धुऊन अंगणात जाऊन उभे राहता. पुढच्या अंकात मराठी नव्हतं.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेच्या तळाशी त्या शनिवारचा अंक सापडला. मराठी बाजूच्या शेवटी दोन ओळी होत्या, हिंदीत नसलेल्या. 'या मजकुराची घरची वाचक यंदा मॅट्रिक झाली. तिला आशीर्वाद देऊन आम्ही रजा घेतो.' मी ट्रंकेपाशीच बसून रडले, नाना. त्या दोन ओळींसाठी तुम्ही जेवण थांबवलं होतंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. आधी हिंदीत लिहिलं, मग मराठीत आणलं. पहिल्याच वाक्याला तुम्ही ओळखलं असतंत.