दहावी ‘ब’च्या चिठ्ठ्यांची वाटणी

मी, नाथाजी केरबा निकम, वय वर्षे ५५, धंदा बोर्ड पेंटिंग (होता), राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मी नशापाणी केलेले नाही. डॉक्टरांनी ते बंद केले आहे. दोन महिन्यांपूर्वी मिरजेला माझे बायपास झाले. माझी छाती उघडली, तरी आत काय काय साठले आहे ते डॉक्टरांना दिसले नाही. ते खाली कलमवार देतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझे वर्गमित्र तो खोटा ठरवतील, म्हणून दोन प्रती जोडल्या आहेत.

१. पेठेतील दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतील ठेव माझी पत्नी पल्लवी हिला मिळावी. तिच्याबद्दल तक्रार नाही. तिला जे बोलायचे ते ती तोंडावर बोलली, चिठ्ठीत लिहून दुसऱ्याकडून वाचून घेतले नाही. या एका गुणावर मी तिच्याशी तीस वर्षे संसार केला.

२. माझे सर्व ब्रश, रंगाचे डबे, दोरी आणि लाकडी शिडी मुलगा शिवतेज याला. शिवतेजचे साताऱ्यात फ्लेक्स छापायचे दुकान आहे. ज्या मशीनने बापाचा धंदा बसवला, तिलाच तो दसऱ्याला हार घालतो. त्याने माझे ब्रश त्या मशीनसमोर भिंतीवर टांगावेत, म्हणजे निदान मशीनला तरी काही वाटेल. माझ्या निधनाचा फ्लेक्स चौकात लावू नये. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहायचीच असेल तर हाताने लिहावी. ‘श्रद्धांजली’ कसे लिहायचे ते शिवतेजने आधी मास्तरांना विचारावे.

३. आता दहावी ‘ब’, सन १९८६. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभात फिशपॉन्ड टाकायची पद्धत होती. आठवडाभर आधी वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवायचे. ज्याला ज्याची टिंगल करायची असेल त्याने त्याच्यावर एक-दोन ओळी लिहून, स्वतःचे नाव न घालता, चिठ्ठी डब्यात टाकायची. समारंभात त्या सर्वांसमोर वाचायच्या आणि ज्याची चिठ्ठी त्याला आठवण म्हणून द्यायची. पण अक्षरावरून लिहिणारा ओळखू येई आणि मग मैदानावर डोकी फुटत. म्हणून सरांनी युक्ती काढली. वर्गात ज्याचे अक्षर सर्वांत चांगले, त्याने सगळ्या चिठ्ठ्या एका अक्षरात उतरवून काढायच्या आणि मूळ चिठ्ठ्या जाळायच्या. कोणाची चिठ्ठी कोणी लिहिली हे कुणालाही सांगणार नाही, अशी त्याने सरांसमोर विद्येची शपथ घ्यायची. फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहीत असे, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडले.

एकंदर एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या दोन माझ्यावरच होत्या, आणि त्याही मी स्वतःच्या हाताने, शिरोरेघ न मोडता, सुवाच्य अक्षरात उतरवल्या. असला अपमान जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा झाला असेल असे वाटत नाही. शपथ मी एकोणचाळीस वर्षे पाळली. शपथ मोडली की विद्या जाते म्हणतात. मी गेल्यावर माझी विद्या राहून तरी कोणाच्या कामाला येणार? म्हणून आता नावे सांगतो.

४. माझ्यावरची पहिली चिठ्ठी: ‘अक्षर नाथाचं मोत्याची माळ, गणितात मात्र दरसाल दुष्काळ.’ ही अर्जुना याने टाकली. (यातले ‘दरसाल’ माझे आहे. त्याने ‘नेहमी’ लिहिले होते, ते कानाला बसत नव्हते.) हा अर्जुना दहावीला दोनदा बसून दोनदा नापास झाला आणि आता वडूजला खताच्या दुकानात बसून लोकांच्या पोरांना करिअरवर सल्ले देतो. माझी दहावीची गुणपत्रिका, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण, गणितात छत्तीस, मी लॅमिनेशन करून घेतली आहे. ती अर्जुनास मिळावी. त्याने ती दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावावी.

५. दुसरी चिठ्ठी: ‘दिवाळी असो की असो शिमगा, नाथाच्या अंगात एकच झगा.’ ही जिनेंद्र तवनाप्पा मगदूम याची. त्याच्या वडिलांचे पेठेत कापडाचे दुकान होते, आता त्याचे आहे. माझ्या अंगातला सदरा त्यांच्याच दुकानातला होता, हे तो विसरला. पुढे मी त्याच दुकानाचा पत्र्याचा बोर्ड रंगवला. अकरा दिवस लागले, अक्षरांना सोनेरी कड दिली. सन २००८ मध्ये या जिनेंद्रने तो उतरवून तिथे फ्लेक्स ठोकला, आणि मी समोरून चाललो असताना मला म्हणाला, “नाथा, फ्लेक्स लय स्वस्त पडतोय गड्या, राग धरू नगं.” मी राग धरला. तो बोर्ड त्याने भंगारात घातला, मी भंगारवाल्याकडून घेतला. माझ्या परसात आहे, अक्षर अजून जसेच्या तसे. तो जिनेंद्रला द्यावा. सोळा वर्षांत त्याचे फ्लेक्स सात वेळा उन्हाने पांढरे पडले. ते मी मोजले आहेत.

६. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. बाकीची कलमे विसरली तरी चालतील, हे विसरू नये.

आमच्या वर्गात संयोगिता कदम होती. तिचे वडील फौजेत. बाकी घरांतले जवान वर्षाला सुट्टीवर यायचे, हे चार वर्षे आले नव्हते. त्यांनी नोकरीच्या गावी दुसरे घर केले आहे, अशी कुजबुज होती. तिच्यावरची चिठ्ठी अशी: ‘सगळ्या फौजींना मिळते दिवाळीला सुट्टी, संयोगिताच्या आबांची घराशीच कट्टी.’ सरांनी चिठ्ठ्या तपासल्या, पण ते फक्त शिव्या शोधत होते. यात शिवी नव्हती, म्हणून ती पास झाली. माईकवर वाचली गेली आणि सगळे सभागृह हसले. मागच्या बाकावर संयोगिताची आई अंबूबाई बसली होती. पुढे महिनाभर पोरे त्या माउलीच्या मागून बाजारात ‘कट्टी, कट्टी’ करत फिरली. तिने बाजाराला जायचे सोडले. परीक्षा संपल्यावर मायलेकी मिरजेला निघून गेल्या.

संयोगिताच्या हातात चिठ्ठी गेली ती माझ्या अक्षरातली. तिने ते ओळखले. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी केवळ हमाल होतो, माल दुसऱ्याचा होता. पण शपथेमुळे मला तोंड उघडता येईना. दोन महिन्यांपूर्वी मिरजेला ऑपरेशन झाल्यावर शुद्धीवर आलो, तर समोर तीच. त्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. आठ दिवस तिने माझी जखम बांधली, औषधे दिली, आणि “खोका”, “कूस बदला” यापलीकडे एक शब्द बोलली नाही. जखमेपेक्षा तेच जास्त दुखले.

ती चिठ्ठी वीरधवल फडतरे याची. यानेच ती डब्यात टाकली आणि यानेच ती माईकवर रंगवून वाचली. हा आज गावात प्रतिष्ठित आहे, ऊस आहे, दारात दोन गाड्या आहेत, आणि दरवर्षीच्या आमच्या स्नेहमेळाव्यात पहिल्या खुर्चीवर बसून जुने फिशपॉन्ड वाचतो. ही एक चिठ्ठी तेवढी सोडून. तरी माझ्या तेराव्याला दहावी ‘ब’च्या मंडळींना बोलवावे (जेवण असल्यामुळे ती येतील), वीरधवल फडतरे यास पुढच्या रांगेत बसवावे, आणि शिवतेजने माईकवरून मोठ्याने सांगावे, की अंबूबाईंना गाव सोडायला लावणारी चिठ्ठी वीरधवल फडतरे याची होती. मग जेवण वाढावे. वीरधवलला आग्रह करून वाढावे.

येथपर्यंतचा मजकूर टाईप केलेला आहे. पुढचा मी सह्या होण्यापूर्वी, दोन्ही साक्षीदारांसमोर, माझ्या हाताने लिहीत आहे.

साक्षीदाराने मृत्युपत्रातला मजकूर वाचायची गरज नसते, माझी सही झालेली बघितली की पुरे, असे वकील अंकिताताईंनी मला सांगितले. तेव्हाच माझ्या मनात आले, की साक्षीदार म्हणून वीरधवल आणि संयोगिता यांनाच बोलवायचे. दोघे एका टेबलाशी बसून सही करतील, आणि कशावर सही केली ते माझ्या तेराव्याला कळेल. संयोगिता येईल असे वाटले नव्हते, तरी पत्र धाडले. आज सकाळच्या गाडीने ती आली. वीरधवल लगेच पेन काढून म्हणाला, “कुठं करायची रं सही? उसाला पाणी सोडून आलोय.” संयोगिता म्हणाली, “वाचल्याबिगर म्या सही करत न्हाई. तीस वर्सं पेशंटच्या मानसांना ह्येच सांगतीया.”

तिने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचले. कलम पाचला ती थोडी हसली. कलम सहा दोनदा वाचले, आणि वीरधवलला वाचून दाखवले. मी खिडकीकडे बघत होतो. मला वाटले, आता हा उठून जाईल, किंवा माझे टाके उसवतील.

वीरधवल म्हणाला, “व्हय. म्याच टाकली हुती. हिला ठाव हाय.”

मला काही समजेना. तेव्हा संयोगिता माझ्याशी एकोणचाळीस वर्षांनी बोलली. ती काय बोलली ते जसेच्या तसे लिहितो.

“ह्येची आई आमच्या वॉर्डात हुती, तवाच त्येनं मला समदं सांगितलं. घरी येऊन माझ्या आईच्या पायाबी पडला. चिठ्ठीत काय लिवलं हुतं, त्येबी सांगितलं. ‘संयोगिताचे वडील घरी का येत नाहीत?’ येवढंच. ह्येला कोन हसलं असतं रं? दोन दिसांत समदी इसरली असती. आईच्या मागनं पोरं ‘कट्टी, कट्टी’ करत हुती, ती ह्येच्या चिठ्ठीवर न्हाई. त्ये यमक कुनाचं?”

यमक माझे. मूळ चिठ्ठी नीरस होती आणि बाकीच्यांत शोभत नव्हती. ‘सुट्टी’वर माझे घोडे अर्धा तास अडले होते. ‘कट्टी’ सुचले तेव्हा मी रिकाम्या वर्गात एकटाच हसलो. तिचे आबा कुठे आहेत, हा विचार मनात आलाच नाही. ओळ बसली, याचाच आनंद झाला. मूळ चिठ्ठी जाळली म्हणजे झाले, असे मी स्वतःला एकोणचाळीस वर्षे सांगत आलो, आणि राग मात्र वीरधवलवर काढत राहिलो. मला त्याची लाज वाटते.

मी संयोगिताला म्हणालो, की हेही लिहून ठेवतो, तेराव्याला माईकवरून वाचतील. ती म्हणाली, “आई ऐंशीची हाय. तुझ्या तेराव्यापतूर तिनं थांबायचं व्हय?”

सबब पुढीलप्रमाणे करतो. कलम ४ व ५ यांत काडीचाही बदल नाही; अर्जुना आणि जिनेंद्र यांनी वेगळी आशा धरू नये. कलम ६ मध्ये चिठ्ठीच्या संदर्भात जिथे जिथे ‘वीरधवल फडतरे’ असे आले आहे, तिथे तिथे ‘नाथाजी केरबा निकम’ असे वाचावे. ‘तेराव्याला’ हा शब्द खोडला आहे, तिथे ‘आज’ असे वाचावे. शिवतेजने काही सांगायचे नाही. ते मी स्वतः, अंबूबाईंसमोर, त्यांच्या घरी सांगेन. सह्या झाल्या की दुपारच्या गाडीने मी संयोगिताबरोबर मिरजेला जात आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

मृत्युपत्र करून देणार:
(सही) नाथाजी केरबा निकम

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) वीरधवल फडतरे, रहिमतपूर. मजकूर वाचला नाही, ऐकला.
साक्षीदार २: (सही) संयोगिता कदम, मिरज. मजकूर वाचला.

स्थळ: रहिमतपूर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५