माय, तू प्रभुभोजन का घेतलं नाहीस

माय,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुझ्यावर भडकलोय. खरंच भडकलोय. तू गेलीस तेव्हा पाच वर्षांची असलेली तुझी नात, तिचं येत्या रविवारी दृढीकरण आहे, मंडळीसमोर विश्वास कबूल करून पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचा दिवस. कपडे शिवून आले, पाळकांचा वर्ग संपला, आणि काल जेवताना पोरगी शांतपणे म्हणते, मंडळीसमोर उभी राहीन, पण प्रभुभोजनाचा पाव आणि रस घेणार नाही. का, तर आजीसारखी देवभीरू बाई, तीच स्वतःला लायक समजत नव्हती, मंग मी कोण? दागिना-बिगिना काही ठेवला नाहीस तिच्यासाठी, हे मात्र बराबर देऊन गेलीस.

मला प्रभुभोजनाची तुझी ती तयारी अजून दिसते. जुन्या जालन्यातल्या आपल्या दोन खोल्या, महिन्यातला पहिला शनिवार. तू सकाळीच काळ्या मनुका भिजत घालतेस, दुपारी फडक्यातून त्यांचा रस पिळतेस, पावाच्या कडा काढून इवले इवले तुकडे करतेस. कडा आम्हा पोरांना. आतल्या तुकड्याला बोट लावलं की मनगटावर फटका. आणि रविवारी चर्चमध्ये त्याच तुकड्यांचं ताट बाकावरून सरकत तुझ्यापाशी यायचं, तू ते दोन्ही हातांनी धरून पुढच्या बाईला द्यायचीस. दर महिन्याला. कॉलेजात असताना एकदा मी भांडलोच तुझ्याशी. घ्यायचं नसेल तर करतेस कशाला, म्हणून विचारलं. तू सुरी थांबवली नाहीस. म्हणालीस, "खायला लायकी लागती बाबा. करायला न्हाई लागत." मी चिडून बाहेर निघून गेलो.

मी नऊ वर्षांचा असताना माझा ताप उतरेना. डॉक्टर झाले, प्रार्थना झाल्या. मंग तू मला एसटीत घातलंस, घनसावंगीकडच्या तुझ्या माहेरी नेलंस, जिथं कुणी ख्रिस्ती झालेलं नव्हतं. तिथल्या देवीला नारळ फोडलास आणि माझ्या दंडाला काळा दोरा बांधलास. ताप उतरला. हे पाळकांच्या कानावर गेलं आणि भर उपासनेत त्यांनी तुला उभं केलं. सहा महिने भोजन बंद. लेकराच्या जिवासाठी घाबरलेल्या बाईला! त्या माणसाचा मला आजही संताप येतो. पण सहा महिन्यांनी त्यांनीच ताट पुढं केलं आणि तू मान हलवलीस, त्याचा जास्त येतो. ते बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले, सगळ्यांनी समजावलं. तुझं एकच, म्या त्या लायकीची न्हाई. अगं, लायक कोण असतं? पहिल्या बाकावर बसणारे, सख्ख्या भावाची जमीन दाबून बसलेले, ते लायक होते? ते तर बिलकुल मागंपुढं न बघता घ्यायचे. माणसं लायक असती तर प्रभूला वधस्तंभावर जायचं कामच काय होतं? ते ताट म्हणजे बक्षीस नव्हतं, माय, भुकेल्या माणसाचं जेवण होतं. देव म्हणतो माफ केलं, तू म्हणतेस नाही केलं. मंग मोठं कोण, देव का तू? मरेपर्यंत उपाशी बसलीस आणि लोक त्याला नम्रता म्हणाले.

हे सगळं मी काल पोरीला ऐकवलं, आवाज चढवून. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर दर महिन्याला घेता. तुम्ही लायक आहात का?" मी ताटावरून उठलो आणि हात धुवायला गेलो.

तिला आज खरं सांगावं लागेल. हा कागद तुला पोचायचा नाही, म्हणून आधी तुला सांगतो. पाळकांना कुणी सांगितलं, हे तू कधीच विचारलं नाहीस. दुखण्यातून उठलेल्या पोरानं संडे स्कूलमध्ये, प्रभूनं कसं बरं केलं याची साक्ष द्यायची आपल्याकडं पद्धत होती. मी उभा राहिलो, बाही वर करून दोरा दाखवला आणि मोठ्या खुशीत सांगितलं, मायनं मला देवीकडं नेऊन बरं केलं. पुढच्या रविवारी तू मान खाली घालून उभी होतीस, तेव्हा मी तुझ्या पदराला धरून शेजारीच बसलो होतो. आणि माझ्या दृढीकरणाला ताट तुझ्याच हातून माझ्याकडं आलं. मी तुकडा घेतला. तू किती खूश होतीस. त्या दिवशीसुद्धा मी तुला सांगितलं नाही.