आढीतली कॅसेट

गोळप, रत्नागिरी
११ मे २०२५

प्रिय स्वानंदी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. यंदा मोहोर दोनदा गळला, त्यामुळे कलमांवर आंबा थोडाच. तरी एक पेटी तुझ्या नावाची बाजूला काढली आहे. हेमाकाकूचा गुडघा दुखतो, पण पिके आंबे चाळून वेगळे करायला अजून स्वतःच बसते. ऐकत नाही.

फोनवर मला हे बोलवलं नसतं. तीस वर्षं शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, आणि आज तीन कागद फाडून हा चौथा घेतला आहे.

तुझ्या बाबाला, आमच्या बाळाला, जाऊन दीड वर्ष झालं. रत्नागिरीत त्याच्या चाहत्यांनी सभा घेतली तेव्हा मी बोललो होतो, आठवतं? "बाळाने नोकरी सोडून गिटार धरली, तेव्हा घराने त्याला एका शब्दाने अडवलं नाही." टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर तू वाकून नमस्कार केलास. मी आशीर्वादही दिला.

मग फेब्रुवारीत तुझा फोन आला. बाबांनी गोळपच्या घरी भरलेल्या कॅसेटी आहेत का, म्हणालीस. मी म्हटलं, बुरशी आली, टाकून दिल्या. "असू दे काका, कोकणातल्या पावसापुढे तुम्ही तरी काय करणार?" उलट तूच माझी समजूत घातलीस.

कॅसेटी टाकलेल्या नाहीत. सातही आहेत. काकूने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, तिला बाप नाही आता. तिच्याशी तरी खोटं बोलू नये." त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

काय झालं ते सांगतो. बाळाचा बँड मोडला आणि तो इथे येऊन राहिला, तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. तुझी आई नोकरीमुळे तुला घेऊन पुण्यातच होती. बाळा आंब्याच्या आढीच्या खोलीत बसून गायचा. तिथे पेंढ्यामुळे आवाज घुमत नाही म्हणायचा. एक गिटार, जुना टू-इन-वन टेपरेकॉर्डर, आणि पिकत्या आंब्यांचा वास. दुपारी शाळेतून आलो की मला ते ऐकून तिडीक यायची. गावात कुणी विचारलं, धाकटा काय करतो, की मी विषय बदलायचो.

त्याचं 'ओहोटी' हे गाणं लोक अजून ऐकतात ना? किती हळू, कुजबुजल्यासारखं गायलाय, म्हणून कौतुक करतात. सभेतही एकजण म्हणाला, असा संयम फार थोड्यांकडे असतो. मी मान डोलावली.

मार्चमध्ये मी त्या गाण्याची मूळ कॅसेट घेऊन रत्नागिरीला दर्शनकडे गेलो. तो जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. मधला थोडा भाग कापून घ्यायचा आणि मग बाकीचं तुला पाठवायचं, असं ठरवून गेलो होतो. दर्शन ऐकायला लागला. बाळा मोकळ्या गळ्याने गात होता. दोन कडवी. दर्शनचे डोळे भरून आले. "सर, हे तर कुणीच ऐकलेलं नाही!" म्हणाला. मग दार आपटल्याचा आवाज आला. "हा मध्येच कोण कडमडला?" दर्शनने विचारलं.

"पाहुणे होते कुणीतरी," मी म्हटलं.

तो मी होतो, स्वानंदी.

तू ऐकशीलच, पण आधी माझ्या हाताने लिहितो. "बायको तिकडे राबते, पोर तिकडे, आणि तू इथे पेंढ्यात बसून बोंबलतोयस? पोरीला उद्या कुणी विचारलं, बाप काय करतो, तर काय सांगेल ती?" बाळा हळूच म्हणतो, "दादा, टेप चालू आहे रे." आणि मी म्हणतो, "असू दे चालू. मोठी झाली की तिलाच ऐकव."

मग दार लागतं. नुसता पेंढा सळसळतो. आणि तो पहिल्यापासून गायला लागतो, अगदी दबक्या आवाजात, भिंतीपलीकडे मी निजलो होतो म्हणून. तेवढंच त्याने मित्रांना उतरवून दिलं. लोकांना जो संयम वाटतो, तो माझा धाक आहे.

दर्शन विचारत होता, कापू का? माझ्याच्याने हो म्हणवलं नाही. कॅसेट उचलून घरी आलो. त्यालाही दोन महिने झाले. धीर व्हायला इतका वेळ लागला.

सातही कॅसेटी सोबत पाठवतो आहे. त्या गाण्यातला त्याचा मोकळा आवाज जगात एवढ्या दोन कडव्यांपुरताच उरला आहे, आणि तो तुझा आहे. लोकांना ऐकवलास तर माझं बोलणं कापू नकोस. तो हळू का गायला, ते कळू दे त्यांना.

त्या दुपारच्या प्रकाराबद्दल बाळा पुढे कधी एक अक्षर बोलला नाही. मीही माफी मागितली नाही. विसरला असेल, असं धरून चाललो. पण कॅसेटच्या चिठ्ठीवर त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, 'ओहोटी. मध्ये दादा आला.' बस, एवढंच. त्यात राग आहे की नाही, मला अजून उमगलेलं नाही. तुला त्याचं अक्षर जास्त कळतं. कळलं, आणि सांगावंसं वाटलं, तर सांग.

तुझा काका म्हणून सही करायला आज हात होत नाही.

बाळाचा थोरला भाऊ,
राजाराम