गोळे भरणाऱ्या हातांसाठी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

बाबांनी फॅक्टरीत भरलेला तोफेचा गोळा कुठे जाऊन पडतो? मला माहीत नाही. बाबांनाही नाही. पेटीवर नुसता नंबर असतो म्हणे.

आज सकाळी अडलेच मी. बाबा रोजच्यासारखे डबा काखेत धरून दारात उभे, दोन्ही तळवे पुढे. मी त्यांवर हात ठेवते आणि म्हणते — प्रभू, या हातांच्या कामाला यश दे. चौथीत असल्यापासून म्हणतेय. आज 'यश' तोंडातच राहिलं. काल चर्चमध्ये गाझा, सुदान, युक्रेनच्या लोकांसाठी प्रार्थना वाचली ती मीच! गोळ्याचं यश म्हणजे काय? फुटणं!

बाबा तळवे पुढे करून उभेच. बाहेर फॅक्टरीची बस हॉर्न देऊन निघून गेली.

"आमेन तरी म्हण! गेली ना बस!" — आई.

बाबांनी सायकल काढली आणि गेले.

मंगळवार, ४

आज त्यांनी तळवे पुढे केलेच नाहीत.

बुधवार, ५

सुट्टी. अख्खं शहर पौर्णिमेच्या स्नानाला नदीवर ग्वारीघाटाकडे, आम्ही इथे फॅक्टरीजवळ रांझीत घरीच मटार सोलत. बाबांशी भांडण झालं. म्हणजे मी भांडले, ते सोलत राहिले.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटून काय करू, बेटा? मी नाही भरला तर दुसरा भरन. आणि आपल्या बॉर्डरवरच्या पोरांना गोळ्यांबिगर खाली हात उभं करतं का?"

मी पुढची शेंग सोलायला घेतली.

आई मात्र भडकली. "याच हातांनी तुला बी.ए. केलं. घरात पहिली ग्रॅज्युएट झाली, तर आता बापाचे हात घाण दिसून राहिले का?"

लागलं. फार लागलं. घाण कुठे म्हटलं मी! त्या हातांसाठी मागणं सोडायचं नाहीये मला. फक्त यश मागवत नाही माझ्याच्याने.

गुरुवार, ६

येत्या रविवारची प्रार्थना लिहिली. युद्धात सापडलेल्यांसाठी नेहमीच्या ओळी — घरं गेलेली, हरवलेली मुलं, पाणी नसलेले दवाखाने. शेवटी एक नवं वाक्य: 'आणि प्रभू, आमच्यातले जे हात गोळे भरतात, त्यांनाही जवळ घे. एक दिवस त्यांना दुसरं काम दे.'

लिहून झाल्यावर, दोन दिवसांत पहिल्यांदाच, पोटभर जेवले.

शुक्रवार, ७

रविवारी प्रार्थना वाचणाऱ्याने कागद शुक्रवारी चर्चच्या पाळकसाहेबांना दाखवायचा असा आमच्याकडे नियम. दाखवला. त्यांनी नव्या वाक्यावर लाल रेघ मारली! शेजारी चर्चच्या पंचांपैकी आल्हादकाका बसलेले, ते फॅक्टरीतूनच रिटायर झालेत. बोलले आधी तेच.

"शांतीसाठी माग ना, बेटा. शांतीला कोण नाही म्हणते? फॅक्टरीची गोष्ट कशाला? उद्या कोणी मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर? आधीच आपण मूठभर लोक. तुझ्या बापाची दोन वर्षं राहिली आहेत नोकरीची."

पाळकसाहेब म्हणाले, "देवाला सगळं ठाऊक असतं. सांगायची काय गरज?"

"मग सुदानचंही त्याला ठाऊकच आहे. ते कशाला सांगतो आपण?"

पाळकसाहेबांना हसू आलं. काकांना नाही. "दोन पुस्तकं काय वाचली, जबान चालून राहिली हिची."

हो, चालते! चालणारच. ज्यांच्यावर गोळे पडतात त्यांच्यासाठी डोळे मिटायचे आणि गोळे भरतो ते लपवायचं — असली प्रार्थना मी वाचणार नाही.

पण घरी येताना वाटलं — नोकरी बाबांची जाईल, माझी नाही. त्यांच्या जिवावर मी कसली शूर?

शनिवार, ८

कागद बाबांना दाखवला, लाल रेघेसकट. बाबा हिंदी शाळेत आठवीपर्यंत शिकले. मराठी वाचतात ते बोट ठेवून, हळू. रेघेवर आले, थांबले. परत मागे जाऊन वाचलं.

"हा मीच आहो ना?"

"हो."

"मग मला न विचारता काहून कापलं त्यांनी?"

मी म्हटलं, "बाबा, नोकरी..."

"ते मी पाहीन." कागद माझ्या हातात दिला आणि अंघोळीला गेले. वाच म्हणाले नाहीत. वाचू नको असंही नाही.

रविवार, ९

सकाळी चर्चला निघताना बाबा म्हणाले, "'आमच्यातले' असं काहून लिहिलं? लपायला मी चोर आहो का? नाव घेऊन वाच."

घेतलं. रत्नाकर मोझेस साळवे. अख्खं नाव, माईकवर.