दुपारची चिठ्ठी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तू रडलीस आणि कांदा चिरतेय म्हणून सांगितलंस. तुझ्या घरी सकाळी अकराला कांदा कुणी चिरत नाही हे मला माहीत आहे. पण आईचा पलंग फोनच्या शेजारी, तिला सगळं ऐकू जातं, म्हणून तू खरं बोलणार नाहीस. तेव्हा पत्रच बरं.

आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तू रजेवर आहेस आणि आता रजाही संपली. पाणीखात्याचे तुझे साहेब म्हणतात की पंधरा एप्रिलला हजर व्हा, नाहीतर तक्रारखिडकीवर दुसरं माणूस बसवतो. ही नोकरी जाऊ द्यायची नाही, एवढं नक्की.

मी एक सुचवते, चिडू नकोस. आमच्या ऑफिसात अजाइल पद्धतीनं काम चालतं. काय हवं आणि आधी काय हवं हे एकच माणूस ठरवतो, त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. आपण मालक म्हणू. प्रत्यक्ष काम करते ती टीम. आणि माझ्यासारखी एक स्क्रम मास्टर असते. ती कुणाची साहेब नसते, फक्त टीमच्या वाटेतले अडथळे काढते. रोज सगळ्यांनी थोडा वेळ उभं राहून तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय.

दादा थोरला, त्याला मालक करू. तू आणि भावजी टीम. मास्टर मी, फोनवरून. कामांच्या चिठ्ठ्या फ्रीजवर लावायच्या आणि ज्यानं काम उचललं त्यानं त्यावर आपलं नाव घालायचं. करून तर बघू.

लोभ आहेच. थोडी झोपही असावी, ही विनंती.

तुझी,
धाकटी

दि. १३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी पद्धत सुरू झाली. आधी मी दिवसभर उभी असायचे, आता सकाळी त्याची बैठकही होते.

दादा मालक झाल्यापासून खुलला आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाहून फोनवर रोज नवं काम सांगतो. आईला मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवा. पलंग खिडकीकडे वळवा. वळवला. दुसऱ्या दिवशी डोळ्यावर ऊन येत असेल म्हणाला, परत वळवा. सांगणाऱ्याचं काय जातं? पलंग ढकलताना ह्यांची कंबर धरली, आणि तुझ्या टीमचा निम्मा भाग आता आईशेजारी शेक घेत पडला आहे.

फ्रीजवर चिठ्ठ्या इतक्या झाल्यात की दार उघडलं की दोन खाली पडतात. प्रत्येकीवर नाव माझंच. तू रोज फोनवर गोड आवाजात विचारतेस, ताई, अडथळा काही? मी एका हातात आईचं बेडपॅन धरून सांगते, काही नाही. काय सांगू? आई ऐकत असते. अडथळा म्हटलं की तिला वाटणार, तो आपणच.

राग नाही गं. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. एप्रिलची पंधरा तारीख मात्र जवळ येते आहे आणि मी साहेबांना काही कळवलेलं नाही.

जेवत जा. लोभ करतेस ते ठाऊक आहे, सल्ले थोडे कमी कर.

तुझी,
ताई

दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

इथेही दमायला झालंय. औषधांच्या दुकानांसाठी आम्ही एक संगणकप्रणाली करतोय. परवा पहिल्यांदाच एका दुकानातल्या बाईंना दाखवायला बोलावलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना मी एवढं कधी भरू? आमचे मालक इतके महिने स्वतःच्या मनानं ठरवत होते. काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं.

घरी येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताई, आईला कुणी विचारलं का? दादाला मालक केलं तेव्हा ती तिथेच पडून ऐकत होती आणि आपण तिच्या डोक्यावरून वाटण्या केल्या. चूक माझी. वर्षभर लोकांना जे शिकवते तेच घरी विसरले.

मालकीण आई. दादाला मी सांगितलं. तो म्हणाला, मग मी कोण? मी म्हटलं, टीम. फोन आपटला त्यानं, पण येईल वळणावर.

आणखी एक नियम तुला सांगायचाच राहिला होता. मालकानं काय हवं ते सांगावं, पण किती झेपेल हे टीमच ठरवते. वरून कुणी लादायचं नाही. तुला झेपेल तेवढंच घे आणि बाकीचं मोठ्यानं नाही म्हण. जन्मात एकदा म्हणून बघ.

लोभ आहे तसाच राहो.

तुझी,
धाकटी

दि. २९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

विचारलं बाई आईला. जीभ अजून जड आहे, पण हुकूम सोडायला पुरते.

पहिला हुकूम असा की तिच्याशी ओरडून बोलू नये, कान शाबूत आहेत. दुसरा, व्यायाम चहाच्या आधी नाही, नंतर. वर्तमानपत्र बंद, कारण दादाला हवं ते तिला नको. मग म्हणाली की ताईनं तक्रारखिडकीवर परत जावं.

मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतेय. तसं नव्हतं. आठवतं का, मी संध्याकाळी आले की तिला खिडकीवरच्या गमती सांगायची? पाणी येत नाही म्हणून भांडायला आलेला तो गृहस्थ, ज्यानं स्वतःच नळ बंद करून ठेवला होता? ती म्हणाली, आता आपण दोघी दिवसभर एकाच खोलीत, सांगायला कुणाकडेच काही नाही. तुझं तोंड बघून कंटाळले. इतक्या महिन्यांत मला कुणी एवढं बरं बोललं नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन रडून आले, या वेळी कांद्याशिवाय.

मग बैठकीत मी नाही म्हटलं. सकाळ माझी, संध्याकाळ आणि रात्र माझी, दुपार मला झेपणार नाही. शेवटी दादानं रविवार घेतला, अख्खा, आणि आला की भांडी पण घासतो. सकाळच्या माझ्या कामातला चहा आणि व्यायाम हे बघतात, पण कंबरेमुळे आईला धरून उठवणं त्यांना जमत नाही. उरली दुपार. तिला संडासापर्यंत धरून न्यायला कुणीतरी हवं, आणि परकी बाई नको हा मालकिणीचा पाचवा हुकूम.

फ्रीजवर आता ती एकच चिठ्ठी बिननावाची आहे. तुझं काम लॅपटॉपवर चालतं, तुमचे निम्मे लोक घरूनच करतात, असं तूच सांगितलं होतंस. मी लादत नाही. नियम तुझाच आहे.

लोभ आहेच. उत्तर असावं.

तुझी,
ताई

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. त्या दुकानवाल्या बाईंमुळे अर्धं काम नव्यानं करायचंय, टीम मेटाकुटीला आली आहे, दोघं राजीनाम्याच्या गोष्टी करतात. अशा वेळी मास्टरनं समोर असावं लागतं. तसं मास्टरनं स्वतः काम उचलायचंही नसतं, नाहीतर अडथळे कोण बघणार?

दुपारचं काहीतरी जमवू. दादाशी पुन्हा बोलते. साहेबांकडे अजून थोडी मुदत मागून पाहशील का?

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

दि. ७ एप्रिल

चि. शेंडेफळास,

डाव्या हातानं लिहिते. अक्षराला हसू नये.

तुझं पत्र आलं. ताईनं वाचून घडी घातली आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासलेलीच होती. काय ते मी समजले.

मला आधाराशिवाय उभं राहता येत नाही, म्हणून बैठकीत मला कुणी धरत नाही. मी पडूनच सांगते.

काल काय केलं: ताईचे ऑफिसचे कपडे कपाटातून काढायला लावले. सैल होतात तिला.

आज काय करणार: ते शिवून आत घ्यायला लावणार.

अडथळा: तू लांब आहेस. अडथळे काढायचं काम तुझं, असं ऐकते.

पंधराच्या आत ये. दुपारच्या चिठ्ठीवर तुझं नाव मी घातलंय. अक्षर वाचता येत नाही, पण नाव तुझंच आहे.

आशीर्वाद समक्ष.

आई