घागरीची पावती

बा, तुझी पणती काल हुतूतू खेळली. आता त्याला कबड्डी म्हणतात आणि मातीत नाही, रबरी चटईवर खेळतात, वर एसी लावून. रास अल खोरला गोदामांच्या रांगेत एक हॉल आहे, तिथं दुबईतल्या मराठी मंडळींच्या स्पर्धा असतात. पोरगी चढाईला गेली की डावा खांदा पाडते, थेट तुझ्यासारखा. रक्तातून नाही आलं ते. मी शिकवलंय, मरीनातल्या फ्लॅटमध्ये सुनेचा गालिचा गुंडाळून ठेवून.

फायनल होती. एकाच चढाईत तिनं तिघींना हात लावला आणि मधली रेघ गाठली. माइकवर समितीचा एक गृहस्थ होता, आपल्याच तालुक्यातला, अत्तराच्या हौदात बुचकळून काढल्यासारखा. आपली जात त्याला ठाऊक. ओरडला, "क्या बात है! हात मारून पळाली! पारध्याची पोर, हात मारणं रक्तातच आहे ना!" लोक हसले. त्यातल्या निम्म्यांना कशाला हसतोय हेही कळलं नसेल. पुढचा हसला की मागचा हसतो, फुकटचं असतं म्हणून.

मध्यंतरात मी त्याच्याकडं गेलो. "काका, कॉम्प्लिमेंट होतं हो ते! जोक. खलास, सोडून द्या."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या नातवाच्या बारशाला असलंच एक कॉम्प्लिमेंट घेऊन येतो, चालेल?"

तर त्यावरही हसला. ह्या माणसांचं हसू तेलकट भांड्यासारखं असतं बघ, कुठूनही धरा, हाताला चिकटतंच.

मागं वळतो तर पोरगी उभी. "आजोबा, व्हॉट डिड ही मीन? आर वी थीव्ज? टेल मी, नाहीतर मी सेकंड हाफ खेळणार नाही." माझ्या मुलानं मला बजावून ठेवलंय, तिला हे काही सांगायचं नाही. पण आता न सांगावं तर पोर तिथंच बसणार, तू बसलास तशी. म्हणून बाकावर बसवून तिला घागर सांगितली.

जत्रेचं मैदान आहे. मी तुझ्या सदऱ्यावर बसलोय, तो राखायला. तू गडी मारून परत येतोस, छाती भात्यासारखी हलतेय, आणि पाटील स्वतःच्या हातानं तुला पितळी घागर देतो, मिशीला पीळ देत. आई ती चिंचेनं घासते, पालासमोर उन्हात ठेवते. पाणी भरत नाही, नुसती बघत बसते. पुढच्या बाजाराच्या आत फौजदार दारात. कुठंतरी लग्नघरी चोरी झालेली. "पारध्याच्या पालात पितळ? पावती काढ." तू पाटलाकडं बघतोस. पाटील म्हणतो, "जत्रेत काय थोडी भांडी वाटली? ध्यानात नाही बुवा." पंचक्रोशीचा मालक म्हणवणारा माणूस, त्याला घागरीएवढं खरं उचलेना! तू चौकीतून आलास तो उजवा हात गळ्यात बांधून, आणि पुन्हा कधी मैदानात उतरला नाहीस. इंग्रजानं आपली अख्खी जमात जन्मतःच चोर ठरवली होती. इंग्रज गेला, कायदा गेला, पण फौजदाराच्या डोळ्यातला कायदा रद्द करायला कुणी आलं नाही. तू मला एवढंच शिकवलंस, "दुकानात शिरलास की हात मागं बांध, लेका. मालापासून लांब दिसू दे." इकडं आखातात, रुवैसच्या तेलाच्या कारखान्यात वेल्डिंग करता करता मी अक्षरं शिकलो, पेपर वाचायला लागलो, पण हात मागंच. आता मॉलमध्ये तसा चालतो तर लोक विचारतात, "काका, हेडमास्तर होतात का?"

पोरीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "दॅट पाटील वॉज अ कावर्ड," म्हणाली आणि चटईवर गेली.

जिंकल्या, बा. कप द्यायला तोच गृहस्थ, माइक हातात. पोरगी कपाला हातच लावेना.

"घे ना, बेटा."

"अंकल, आधी रिसीट द्या."

"रिसीट? कपाची? कशाला?"

"उद्या तुम्ही विसरलात तर?"

मराठीत बोलली! घरी पाणीसुद्धा वॉटर म्हणून मागते. सगळं माइकवरून हॉलभर गेलं. मघाशी हसलेली माणसं आता आपापल्या समोशात काहीतरी शोधत होती. गृहस्थानं इकडंतिकडं बघितलं, हसायला सोबत मिळेना. शेवटी नाश्त्याच्या पेपर नॅपकिनवर लिहिलं, 'कप दिला', आणि खाली सही केली. पोरीनं ती पावती घडी करून मोज्यात खोचली.

हे लिहून झालं, पण टाकू कुठं? जिवंतपणीच तुला कुणी कायमचा पत्ता मिळू दिला नाही. तेव्हा जे राहिलंय तेही सांगून टाकतो. पोरीनं कप माझ्याकडं दिला, "यू कॅरी इट, आजोबा." मी तो छातीशी धरून निघालो. फाटकाशी सिक्युरिटीचा पोरगा बसलेला, फोनमध्ये डोकं घालून. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पण त्याच्या पुढून जायच्या आधी कप मी पोरीच्या हातात दिला, आणि माझे हात मागं गेले.